स्मृति किती घ्यावी?

२०२५ सालच्या दिवाळींत, भाऊबीजेच्या दुपारीं जेवणें आटोपल्यावर, आमच्या माजघरांत एक मोठा वाद झाला. आमच्या नानांच्या संगणकांत स्मृति किती घालावी, हा त्या वादाचा विषय होता. नाना म्हणजे माझे चुलते. वय वर्षें ८३. आमच्या घरांत आज तीन पिढ्यांचीं मिळून तेरा माणसें एका छपराखालीं नांदतात आणि सणावारीं पुण्याची व बंगलोरची मंडळी आली म्हणजे पानें विसांवर जातात. अशा घरांत एका वस्तूविषयीं वीस मतें असावयाचींच. परंतु ज्या घरीं वडीलधारें माणूस संगणकावर बसतें, त्या प्रत्येक घरीं हा प्रश्न केव्हां ना केव्हां निघेल असें वाटतें, म्हणून ती हकीकत वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे.

नाना संगणकावर बसतात ते करमणुकीसाठीं बसत नाहींत. टपालखात्यांतून निवृत्त झाल्यावर पहिलीं कांहीं वर्षें त्यांनीं यात्रांत व वाचनांत घालविलीं. परंतु गेलीं अकरा वर्षें ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याच्या कामीं गुंतले आहेत. आमचें मूळ घराणें कोंकणांतलें. तेथून एक शाखा घाटावर सांगलीस आली, एक इंदुरास गेली, एक बडोद्यास. आणि आतां नातवंडें अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत आहेत. या सर्वांकडून जन्म, विवाह, दत्तक, शिक्षण, व्यवसाय यांच्या नोंदी मागवावयाच्या, त्या एकमेकींशीं ताडून पाहावयाच्या, जुन्या मोडी कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं लावावयाचीं, आणि वंशवृक्षांत प्रत्येकास आपापल्या फांदीवर बसवावयाचें, असें हें काम आहे. पूर्वीं तें वह्यांतून चाले. २०१९ सालीं माझ्या मुलानें त्यांना मेजावरचा एक संगणक आणून दिला, तेव्हांपासून तें संगणकावर चालूं लागलें. नोंद घातली कीं तिच्यापुढें त्या दिवसाची तारीख लिहावयाची ही टपालखात्याची संवय मात्र त्यांनीं येथेंहि सोडली नाहीं.

तो संगणक कांहीं वर्षें बरा चालला. २०२५ च्या गणपतींत बंगलोरचा पुतण्या घरीं आला असतां त्यानें सांगितलें कीं, विंडोज १० या प्रणालीस १४ ऑक्टोबर २०२५ नंतर संरक्षणाच्या नेहमींच्या दुरुस्त्या मिळणार नाहींत. तेव्हां नानांच्या यंत्रावर विंडोज ११ चढवावी हें बरें. मुलाचें म्हणणें खरें होतें व हेतुहि चांगला होता. विंडोज ११ हिला कमींत कमी ४ जीबी स्मृति लागते; नानांच्या यंत्रांत नेमकी तेवढीच होती. नियमाची पूर्तता झाली, प्रणाली चढली, आणि पुतण्या मोदक खाऊन परत गेला. परंतु पंक्तीला चार पाहुणे आणि ताटांत चारच मोदक असले म्हणजे यजमानाची जी अवस्था होते, ती त्या यंत्राची झाली. आग्रह करण्यास कांहीं उरलें नाहीं.

यानंतरच्या दोन महिन्यांत काय घडलें, तें आम्हां घरच्यांच्या नीट ध्यानांत आलें नाहीं, हें मला लाजेनें लिहावें लागतें. नाना कळ दाबीत. अक्षर उमटत नसे. ते वाट पाहात व तीच कळ पुन्हां दाबीत. थोड्या वेळानें दोन्ही अक्षरें एकदमच उमटत. कधीं नोंद जतन करण्यासाठीं बोट दाबलें तर कांहींच हालचाल दिसत नसे. म्हणून ते तीच नोंद पुन्हां घालीत, आणि संध्याकाळीं पाहावें तों दोन्ही तेथें उभ्या. एकदां इंदूरच्या शाखेंतील एक खापरपणजोबा असे दोनदां नोंदले गेले आणि वंशवृक्षांत एकाच नांवाचे दोन सख्खे भाऊ होऊन बसले. तें इंदूरकरांनींच कळविलें. नानांनीं त्यांस दिलगिरीचें पत्र लिहिलें.

ऑक्टोबरांत एके संध्याकाळीं देवापाशीं दिवा लावल्यावर त्यांनीं मला हांक मारली.

"बापू, जरा बस. तुला एक सांगावयाचें आहे."

मी बसलों.

"अरे, पस्तीस वर्षें टपालखात्याच्या वह्या लिहिल्या. एक मनिऑर्डर दोनदां चढविली नाहीं. आतां सकाळीं लिहिलेलें दुपारीं आठवत नाहीं. माझी स्मृति गेली, बापू. हें बाड आतां तूं घे. माझ्या हातून आणखी चुका होण्यापूर्वीं घे."

मीं काय उत्तर दिलें असेल? "वयोमानाप्रमाणें असें व्हावयाचेंच, नाना," असें कांहीं तरी बोललों आणि उठलों. सांत्वन म्हणून तें वाक्य उच्चारलें. परंतु त्यांत मीं त्यांच्या शंकेवर शिक्काच मारला, हें तेव्हां मला कळलें नाहीं. घरांतहि कुजबुज सुरू झालीच होती. कोणी म्हणे डॉक्टरांस दाखवावें, कोणी म्हणे आतां त्यांना विश्रांति द्यावी. यंत्रास कोणी दाखवावें, असें मात्र कोणी म्हणालें नाहीं.

भाऊबीजेच्या दिवशीं पुतण्या पुन्हां आला, त्यानें सहज यंत्र उघडून पाहिलें, आणि "अहो काका, याची रॅम कमी पडते आहे!" असें ओरडला, तेव्हां वादास तोंड फुटलें. त्याचें म्हणणें, ३२ जीबी घालून टाका, म्हणजे दहा वर्षें पाहावें लागणार नाहीं. माझा मुलगा म्हणाला, जुन्या यंत्रावर पैसे घालूं नका, नवेंच घ्या. घराचा जमाखर्च ज्यांच्याकडे आहे ते माझे धाकटे बंधु म्हणाले, "नानांना लिहावयाचें तें काय? चार ओळी. आहे ती पुष्कळ झाली. हळूं चालतें तर चालूं दे. नानांना कोठें गाडी गांठावयाची आहे?" एका दुकानदारास फोन केला, तर त्यानें यंत्र न पाहतां आणि काम न विचारतां १६ सांगितली. मीं तर रॅम हा शब्द रामनामाच्या अपभ्रंशासारखा केवळ ऐकलेला. तरी वडीलकीच्या नात्यानें मान हालवीत बसलों होतों. नाना ओसरीवर होते. त्यांचें मत कोणीं विचारलें नव्हतें.

एवढ्यांत आमच्या सूनबाई, ज्या एका कचेरींत हिशेबाचें काम संगणकावर करितात, त्या हळूंच म्हणाल्या, "मामंजी, किती घालावी हें ठरविण्यापूर्वीं नाना किती वापरतात तें एकदां पाहूं या का?" इतक्या लोकांत हा प्रश्न त्यांनाच सुचला.

सूनबाईंनीं त्या रात्रीं मला जें समजावून दिलें तें मीं माझ्या पद्धतीनें वहींत उतरून घेतलें. संगणकांत सांठवणाच्या दोन जागा असतात, आणि बोलतांना लोक दोहोंनाहि 'मेमरी' म्हणतात. अर्धा घोटाळा येथेंच होतो. एक जागा म्हणजे फडताळ. सर्व पोथ्या तेथें बांधून ठेविलेल्या असतात. वीज गेली तरी त्या तेथेंच राहतात. यास डिस्क म्हणतात. दुसरी जागा म्हणजे पोथी उघडून वाचावयास जें व्यासपीठ मांडतों तें. ज्या पोथीचें काम चाललें आहे तेवढीच त्यावर असते, आणि यंत्र बंद केलें कीं व्यासपीठ मोकळें होतें. हीच रॅम. फडताळांत दहा हजार छायाचित्रें असलीं म्हणून व्यासपीठ भरत नाहीं. त्यांतलीं पन्नास एकदम उघडून मांडलीं म्हणजे भरतें. तेव्हां "माझे फोटो फार झाले, रॅम वाढवा" हें म्हणणें म्हणजे फडताळ भरलें म्हणून व्यासपीठ रुंद करण्यासारखें आहे.

व्यासपीठ भरल्यावर काय होतें, हें कळलें म्हणजे नानांच्या दुखण्याचें निदान होतें. यंत्र काम थांबवीत नाहीं. तें व्यासपीठावरची एक पोथी गुंडाळून फडताळांत ठेवतें, दुसरी काढतें. पुन्हां पहिली लागली कीं ती आणतें, दुसरी ठेवतें. रॅममधील अक्षर सांपडावयास सुमारें एका सेकंदाचा कोट्यंश लागतो. नानांच्या यंत्रांत होती तशा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तेंच शोधावयास सेकंदाचा सुमारें शंभरावा अंश लागतो. लक्षपटीचें अंतर झालें. व्यासपीठावरचें पान उलटावयास एक सेकंद लागत असेल, तर फडताळाकडे जाऊन येण्यास त्याच प्रमाणांत एक दिवस आणि जवळजवळ चार तास लागतील! यंत्र असें हेलपाटे घालीत असतां नाना कळ दाबीत आणि वाट पाहात. त्यांचें बोट, त्यांचा डोळा, त्यांची आठवण, सर्व जागच्या जागीं होतें.

आतां धाकट्या बंधूंच्या 'चार ओळीं'चा विचार करूं. येथें मला माझ्या विद्येचा थोडा उपयोग झाला. संगणकांत देवनागरी लिपींतील एकेक चिन्ह प्रचलित पद्धतीनें ३ बाइट व्यापतें. स्वर, काना, मात्रा, हलंत हें प्रत्येक निराळें चिन्ह. एका अक्षरास सरासरीनें दोन चिन्हें धरलीं तर ६ बाइट झाले. अनुष्टुभाचा श्लोक ३२ अक्षरांचा. परंपरेनें महाभारत एक लक्ष श्लोकांचें मानलें जातें. म्हणजे ३२ लक्ष अक्षरें, म्हणजे सुमारें दोन कोटी बाइट. १ जीबी म्हणजे शंभर कोटींहून अधिक बाइट. तेव्हां नानांच्या ४ जीबींत, दुसरें कांहीं नसेल तर, अवघें महाभारत दोनशें वेळां मावेल. इतपत बंधूंचें म्हणणें बरोबर होतें. नुसत्या लिहिण्यास स्मृति फार लागत नाहीं.

परंतु नाना नुसतें लिहीत नाहींत. ते मोडी कागदांच्या प्रतिमा उघडतात. फूलस्केपाहून किंचित् लहान असा जो ए-४ आकाराचा कागद, त्याची रंगीत प्रतिमा इंचास ३०० ठिपके या मानानें घेतली, तर तिच्यांत सुमारें ८७ लक्ष ठिपके होतात, आणि प्रत्येक ठिपक्यास तीन रंगांचे ३ बाइट. एक पान पडद्यावर उघडलें कीं सुमारें २ कोटी ६० लक्ष बाइट झाले! डिस्कवर तें दाबून लहान करून ठेविलेलें असतें, म्हणून हें लक्षांत येत नाहीं. परंतु व्यासपीठावर तें पुरें उलगडतें. महाभारताच्या सर्व अक्षरांहून एका फाटक्या खताचें चित्र जड, हें ऐकून आमचे बंधु प्रथमच गप्प बसले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाई व मी नानांच्या शेजारीं पाट मांडून बसलों. "तुम्ही नेहमींप्रमाणें काम करा, नाना, आम्ही नुसतें पाहणार आहोंत," असें सांगितलें. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं 'टास्क मॅनेजर' नांवाचें पान उघडतें. त्यांत 'परफॉर्मन्स' या सदराखालीं 'मेमरी' निवडली म्हणजे यंत्राची सर्व कुंडली दिसते. एकूण स्मृति किती, वापरांत किती, पट्ट्या बसवावयाच्या खांचा किती आणि त्यांतील भरलेल्या किती. त्यांतच 'कमिटेड' म्हणून एक आंकडा असतो. चालू असलेल्या सर्व कामांनीं मिळून किती जागा मागितली आहे, हें तो सांगतो. म्हणजे व्यासपीठावर मावलें तें आणि न मावतां फडताळांत ढकलावें लागलें तेंहि. वाचकांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा, कारण गरज किती हें त्यावरूनच कळतें.

नानांनीं यंत्र सुरू केलें. अद्याप कांहींच उघडलें नसतां निम्म्याहून अधिक स्मृति प्रणालीनेंच घेतली. मग त्यांनीं नोंदींचा तक्ता उघडला, मोडी कागद उघडले, ई-मेल उघडली, आणि ब्राउझर उघडला. ब्राउझरांत एकापुढें एक अशीं २३ पानें उघडीं होतीं. 'कमिटेड'चा आंकडा ६.२ वर गेला. ४च्या घरांत ६.२ची बिऱ्हाडें! डिस्कचा लहानसा दिवा अखंड लुकलुकत होता.

सूनबाईंनीं विचारलें, "नाना, हीं इतकीं पानें उघडीं कां ठेवतां?"

"बंद केलें तर पुन्हां सांपडत नाहीं, बाळ. पोथींत मी मोराचें पीस घालून ठेवतों. येथें पीस कोठें घालूं?"

अकरा वर्षांचें काम, त्यांतील सहा वर्षें या यंत्रावर, आणि खूण कशी ठेवावी हें आम्हीं कोणीं त्यांना दाखविलें नव्हतें. सूनबाईंनीं पांच मिनिटांत दाखविलें. २३ पैकीं १५ पानें खुणा घालून मिटलीं. आंकडा ६.२ वरून ५.१ वर उतरला. एक पैसाहि न खर्चतां सहाव्या हिश्श्याहून अधिक भार गेला. न्यायशास्त्रांत सूचीकटाहन्याय म्हणून एक न्याय आहे: लोहारापाशीं एकानें सुई व दुसऱ्यानें कढई करावयास दिली, तर त्यानें आधीं सुई करून द्यावी, कारण ती थोड्या श्रमांत होते. यंत्र विकत घेण्याची कढई चुलीवर चढविण्यापूर्वीं ही सुई करून घ्यावी.

यावर प्रश्न उरला तो असा कीं, नेहमींच्या कामास ५ ते ६ जीबी लागतात. रविवारीं इंदूर-बडोद्याच्या मंडळींशीं व्हिडिओवर बोलतांना आणखी थोडी लागते. पुढें प्रणाली व ब्राउझर दोन्हीहि अधिक खादाड होत जाणार. तेव्हां ८ ही अगदीं कांठोकांठ, आणि ३२ म्हणजे अजागलस्तन. बकरीच्या गळ्याला लोंबणाऱ्या त्या सडांसारखी, दिसावयास आहे, परंतु दूध नाहीं. व्यासपीठ एकदां पुरेसें झालें कीं तें आणखी रुंद केल्यानें वाचणाऱ्याचा वेग वाढत नाहीं. प्रणाली रिकाम्या जागेचा थोडाफार उपयोग करून घेते हें खरें, पण त्यासाठीं कोणी दुप्पट-चौपट पैसे देऊं नयेत. नानांच्या यंत्रांत दोन खांचा होत्या. एकींत ४ची पट्टी, दुसरी रिकामी. जुनी पट्टी काढून न टाकतां रिकाम्या खांचेंत ८ची घातली कीं १२ झाली. सारख्या दोन पट्ट्या असल्या तर यंत्र दोन्ही हातांनीं एकदम काम करितें व वेग थोडा वाढतो, असें दुकानदारानें सांगितलें, तें खरें आहे. परंतु नानांच्या कामांत तो फरक डोळ्यांस दिसण्याजोगा नाहीं. १६ऐवजीं ८ घेतल्यानें जे पैसे वांचले, त्यांत फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी, म्हणजे जिच्यांत कांहींच फिरत नाहीं अशी डिस्क, बसवावयाचें ठरलें. तिच्यामुळें फडताळाकडचा फेराहि पुष्कळ जवळचा होतो. चारपांच वर्षांपूर्वींच्या यंत्रास अजून तबकडीच असेल, तर स्मृतीइतकाच किंवा तिच्याहून अधिक गुण या बदलानें येतो.

हें सर्व नानांस सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "पैसे माझ्या पेन्शनींतून जातील. हें ठरलें असेल तरच आणा." बंधूंनीं मान्य केलें. त्यांच्या त्या दिवसांतील सौजन्यांत थोडा पश्चात्ताप मिसळलेला असावा.

नोव्हेंबरांत दुकानीं गेलों. येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. स्मृतीच्या पट्ट्यांच्या पिढ्या असतात: डीडीआर ३, डीडीआर ४, डीडीआर ५. यांच्या खांचेची जागा निरनिराळी ठेविलेली असते, म्हणून एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या यंत्रांत बसतच नाहीं. शिवाय मेजावरच्या यंत्राची पट्टी लांब, लॅपटॉपची आंखूड. तेव्हां आपल्या यंत्राची पिढी व आकार लिहून घेऊनच दुकानाची पायरी चढावी. डिस्क बदलण्यापूर्वीं सर्व कामाची प्रत बाहेरच्या एका डिस्कवर काढून ती कपाटांत ठेवावी. आम्हीं ती दोन ठिकाणीं ठेविली. पट्टी घरीं बसवावयाची असेल तर यंत्राची तार भिंतींतून काढावी, आणि पट्टीस हात लावण्यापूर्वीं यंत्राच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते.

आमच्याहून निराळी स्थिति असणाऱ्यांसाठीं थोडक्यांत असें सांगतां येईल. वडील माणूस केवळ पत्रें, वृत्तपत्र व कीर्तनें-प्रवचनें पाहात असेल, तर ८ जीबी पुरते. छायाचित्रें, मोठे तक्ते, व्हिडिओवरचीं संभाषणें हें सर्व एकदम चालत असेल, तर १२ किंवा १६. याहून अधिक कोणी सुचविलें तर "कोणत्या कामासाठीं?" हा एकच प्रश्न विचारावा. ४ जीबीचें नवें यंत्र मात्र स्वस्त मिळतें म्हणून घेऊं नये. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत, आणि २०२० पासून निघालेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपेवर चालणाऱ्या सर्व यंत्रांत, स्मृति कायमची जडविलेली असते. पुढें वाढवितां येत नाहीं. तेथें खरेदीच्या वेळींच थोडी पुढची दृष्टि ठेवून १६ घ्यावी. विंडोज ११ चढूं शकत नाहीं इतकें यंत्र जुनें असेल, तर त्यांत स्मृति घालण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. आणखी एक. कृत्रिम बुद्धीचीं जीं मोठीं यंत्रगृहें जगभर उभारलीं जात आहेत, तीं स्मृतीचा प्रचंड सांठा ओढून घेऊं लागल्यामुळें २०२५ च्या अखेरीस तिचे भाव झपाट्यानें चढले. अशा दिवसांत नेमकी गरज मोजून घेणें हें पूर्वींपेक्षांहि शहाणपणाचें आहे.

यंत्र घरीं आलें त्या दिवशीं नानांनीं स्नान-संध्या आटोपून त्यास हळदकुंकू वाहिलें आणि नोंदींचा तक्ता उघडला. एक अक्षर दाबलें. एक अक्षर उमटलें. दुसरें दाबलें, दुसरें उमटलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग एकेक करून त्यांनीं दोनदां पडलेल्या नोंदी शोधावयास घेतल्या. तारखा लिहिण्याची संवय आतां उपयोगी पडली. तीन दिवसांनीं त्यांनीं मला बोलावून एक कागद दाखविला. एकंदर सतरा नोंदी दुहेरी होत्या. त्यांतील सोळा गणपतीनंतरच्या, म्हणजे प्रणाली बदलल्यावरच्या होत्या. एक तेवढी २०२२ सालची निघाली.

"ही एक माझी," नाना म्हणाले. "सोळा त्याच्या."

त्यांच्या आवाजांत विजयाचा सूर मुळींच नव्हता. हिशेब जुळल्यावर टपालखात्यांतला माणूस वही मिटतो तसें ते बोलले. मला मात्र ती ऑक्टोबरांतली संध्याकाळ आठवली. वयामुळें विसर पडतो हें खोटें नाहीं. नानांनाहि पडतो, मलाहि पडूं लागला आहे, आणि खरोखर काळजीचें चिन्ह दिसलें तर वैद्यास दाखविण्यांत हयगय करूं नये. परंतु वृद्ध माणूस "माझें चुकतें आहे" असें म्हणूं लागलें, कीं तें आपण फार लवकर मान्य करितों. त्यांच्या हातांतील साधन तपासण्यास आम्हांस एक सकाळ आणि दोन पाट पुरले. ती सकाळ आम्ही दोन महिने आधीं काढूं शकलों असतों.

त्यानंतर 'बाड तूं घे' हा विषय निघाला नाहीं. इंदूरच्या खापरपणजोबांचे जुळे बंधु वंशवृक्षांतून दूर झाले. काम पुन्हां जोरांत चाललें आहे, आणि त्याचें प्रत्यंतर मला गेल्या आठवड्यांतच मिळालें. नाना ओसरीवर आणि मी माजघरांत, मध्यें दहा पावलांचें अंतर. तरी त्यांनीं मला रीतसर ई-मेल पाठविली आहे. मजकूर असा: "आपल्या शाखेची माहिती तीन वेळां मागूनहि अद्याप आलेली नाहीं. इतर सर्व शाखांची आली. कृपया विलंबाचें कारण कळवावें."

कारण काय कळवावें, या विचारांत मी आहें. स्मृति गेली म्हणावें, तर ती सबब आतां आमच्या घरांत चालण्यासारखी राहिली नाहीं.